न दुखणाऱ्या पायांच्या चपला : कामाच्या नोंदी

9 जून 2025, सोमवार

काम आजपासून सुरू. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात आठवड्यातून एकदा फक्त पायांची तपासणी असते. मधुमेहाने पाय बधिर झालेले आणि पूर्वी कुष्ठरोग होऊन गेलेले, असे दोन्ही रुग्ण तिथे येतात. त्यांच्यासाठी मऊ रबराच्या चपला करायच्या आहेत, पहिली खेप वीस जोडांची. आतापर्यंत तयार मापाच्या चपला यायच्या. वाकड्या बोटांच्या, झिजलेल्या चवड्याच्या पायाला त्या बसत नाहीत, म्हणून तिथल्या फिजिओ ताईंनी आम्हा चप्पल कारागिरांच्या सुभाषनगरात चौकशी केली आणि फिरत फिरत काम माझ्याकडे आलं.

मजुरीचं आजच बोलून घेतलं. रुग्णाला जमेल तेवढं तो देईल, उरलेलं ट्रस्ट देईल, पण मजुरी पूर्ण. हे काम फुकट करायचं नाही असं मी ठरवलं आहे. फुकट मिळालेल्या चपलेबद्दल घेणारा तक्रार करत नाही, आणि मला तर या लोकांची तक्रारच ऐकायची आहे.

ताईंनी अटी कागदावर लिहून दिल्या. वरचा थर एमसीआर नावाच्या रबराचा. बारीक बारीक बंद छिद्रांचं मऊ रबर. चिमटीत दाबलं की दबतं, सोडलं की उठतं. कडकपणा 'शोअर'च्या मापात 15च्या आसपास. हवाई चपलेचं रबर याहून बरंच कडक असतं. जाडी 10 मिलिमीटर. खाली टणक रबराचा तळ, काटा किंवा काच आरपार वर येऊ नये म्हणून. मागे टाचेला पट्टा. चपलेला बोट अडकवायचा अंगठा नको, कारण वाकड्या बोटांनी तो धरता येत नाही आणि बेचक्यात घासून जखम होते. आणि शेवटची अट : कुठेही खिळा नको.

ही शेवटची अट वाचून बरं वाटलं. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नसतोच. तळ, टाच, पट्टा, सगळं चामड्याच्या वादीने शिवलेलं. बाकीचं शिकावं लागेल, हे एक मला येतं.

12 जून

तपासणी बघायला गेलो. पाय बघितल्याशिवाय चप्पल कापायची नाही, असं अण्णांनी लहानपणापासून सांगितलेलं आहे.

रुग्णाला डोळे मिटायला सांगतात. बॉलपेनचं टोक तळव्याला हलकेच टेकवतात आणि लागलं तिथे बोट दाखवायला सांगतात. कागलकडचे एक आजोबा डोळे मिटून बसले. पेन टाचेवर टेकलं, चवड्यावर टेकलं, अंगठ्याच्या बुडाशी टेकलं, दोन्ही पाय झाले, आणि आजोबा म्हणाले, "करा की सुरू."

मग ताईंनी त्यांची जुनी चप्पल माझ्या हातात दिली. टाचेत एक बारीक खिळा वर आला होता. आजोबांच्या टाचेला त्याच जागी भोक, भोवती रक्त सुकलेलं. ते एसटी स्टँडवरून तसेच चालत आले होते. ती चप्पल माझ्यासारख्याच कुणीतरी रस्त्याकडेला बसून दुरुस्त केलेली. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर पहिल्याच पावलाला टोचलं असतं, माणूस परत फिरून त्या कारागिराला चार शब्द बोलला असता आणि खिळा निघाला असता. आमच्या धंद्यात इतकी वर्षं हे असंच चालत आलं आहे. शेवटची तपासणी गिऱ्हाइकाचा पाय करतो. या पायांना ते करता येत नाही.

डॉक्टरांनी वेळ काढून समजावून सांगितलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 साली डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जंतू बोटं खात नाहीत; ते नसा बिघडवतात. मग चटका, ठेच, घासणं कळत नाही, जखम होते, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि हळूहळू हाडापर्यंत जातं. मधुमेहात नसा वेगळ्या कारणाने जातात, पण पुढची वाट बरीचशी हीच.

कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. गेलेली संवेदना मात्र बऱ्याचदा परत येत नाही. बरा झालेला माणूस पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच पायांवर काढतो. म्हणजे डॉक्टरांचं काम जिथे संपत येतं, तिथून चपलेचं सुरू होतं. घरी येताना हेच डोक्यात होतं.

17 जून

माल. एमसीआरचं शीट आलं. चिमटीत दाबून चारही कोपरे बघितले, एका बाजूला कडक लागलं ते बाजूला काढलं, पट्ट्यांना वापरू.

खालच्या तळासाठी भंगारातला टायर बघत होतो. पूर्वी टायरचा तळ सर्रास लावायचे. पण आता गाड्यांचे टायर बहुतेक रेडियल, आतून पोलादी तारेची जाळी. झिजला की तार वर येणार. नको. टणक रबराचं शीटच घेतलं, महाग पडलं तरी.

चिकटवण्याची पद्धत : दोन्ही बाजू कानसेने खरखरीत करायच्या, धूळ पूर्ण झटकायची, सोल्युशनचा एक हात, वाळू द्यायचा, दुसरा हात, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतपत झाला की दाबायचं. वर शिवण. शिवणीचा दोरा एमसीआरच्या वर येता कामा नये, म्हणून आधी तळाला पट्टे शिवून घ्यायचे आणि मग मऊ थर वरून बसवायचा. अण्णा म्हणाले, पट्ट्याची शेपटं तळात खाच पाडून बसव, नाहीतर वर उंचवटा जाणवेल. मला जाणवेल, घालणाऱ्याला नाही. म्हणूनच खाच पाडायची.

24 जून

मापं घेतली. पाय पुठ्ठ्यावर, माणूस उभा, वजन दोन्ही पायांवर सारखं, पेन्सिल सरळ उभी धरून कड काढायची. बसवून घेतलेलं माप उपयोगाचं नाही, उभं राहिल्यावर पाय पसरतो. दोन्ही पाय वेगवेगळे. काही जणांचे एकाच मापाचे नाहीतच.

आज एका पन्नाशीच्या बाईंनी माप द्यायला सरळ नकार दिला. मंडईत भाजी विकतात. बारा-पंधरा वर्षांपूर्वी कुष्ठरोगाचं औषध घेऊन बऱ्या झालेल्या, उजव्या चवड्याखाली वारंवार जखम. मागच्या वेळी मिळालेली काळी चप्पल त्यांनी कधी घातलीच नाही. म्हणाल्या, "काळी चप्पल बगितली की बाया लगीच वळखत्यात. मग माझ्याकडची मेथी कोण घेनार? पाय ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे, मंडई गेली तर मी काय करू?"

ताई त्यांना समजावत होत्या. मला मात्र मावशींचं म्हणणं पटलं. पाय कशासाठी वाचवायचा, तर पहाटे उठून माल घ्यायला, मंडईत बसायला. जी चप्पल त्यांना मंडईतून उठवणार असेल ती कितीही मऊ असली तरी अपुरी आहे. अटींच्या कागदावर रंगाबद्दल काहीच नाही. काळा रंग कुणीतरी एकदा घेतला आणि तोच चालू राहिला.

मी म्हटलं, "मावशी, कोल्हापुरीसारखी दिसंल अशी करतो. आधी बघा, मग सांगा." पुठ्ठ्यावर उभ्या राहिल्या.

1 जुलै

गल्लीत दिवसभर एकच विषय. इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावही न घेता. किंमत लाखाच्या वर अशा बातम्या. पत्रकार येऊन फोटो काढून जात आहेत, माझ्याकडेही आले. राग रास्त आहे. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि तरीही कुणी न विचारता उचलतं.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. पत्रकाराने विचारलं, आता तरी आपल्या कलेची किंमत कळली असं वाटतं का? मी मान हलवली, कारण तेव्हा वेगळं काही सुचलं नाही. रात्री मावशींच्या जोडाचे पट्टे कापताना सुचलं. आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात मुलाचं 'दुकान आहे' असं सांगतात, 'चपला करतो' असं सांगत नाहीत. मी स्वतः शाळेत वडिलांचा धंदा 'व्यापार' लिहायचो. मिलानने त्यात काही बदल होईल असं मला वाटत नाही. या पुठ्ठ्यांवरच्या वाकड्यातिकड्या रेघांनी होतो आहे. प्रत्येक रेघेवर नाव आहे, आणि त्या माणसाला हवी तशी चप्पल करणं मला येतं. ही भावना मला याआधी माहीत नव्हती, म्हणून लिहून ठेवतो.

6 जुलै, आषाढी

कागलचे आजोबा दरवर्षी नंदवाळच्या दिंडीत अनवाणी चालतात. ताईंनी सक्त मनाई केली. ते माझ्याकडे आले, "विठ्ठलाकडं चप्पल घालून कसं जायाचं?" दुकानात रोहिदासांची तसबीर आहे, तिच्याकडे बोट दाखवलं. साधुसंतांच्या पायांसाठी जोडे शिवणाराही संतच होता. आजोबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. त्यांचा नवा जोड तयार होता, पण नव्या चपलेत लांब चालायचं नसतं. शेवटी मुलाच्या गाडीवरून गेले, देवळापाशी थोडं अंतर नवी चप्पल घालून चालले आणि दर्शनाला जाड मोजे घालून उभे राहिले.

18 जुलै

त्या कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. गल्लीत पुन्हा गर्दी होती. मी दार ओढून घेऊन काम करत होतो, कारण आजचं काम अवघड आहे.

काही पायांना आडवी पट्टी लागते. चवड्याच्या हाडांची टोकं, म्हणजे बोटांच्या बुडाशी जे उंचवटे लागतात ते, सगळा भार घेतात आणि तिथेच जखमा होतात. त्या टोकांच्या लगेच मागे रबराची पट्टी बसवली की भार थोडा मागे सरकतो. पट्टी पुढे सरकली आणि टोकांच्या खाली आली, तर भार कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. फरक बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. आणि ती चुकली आहे हे सांगायला कुणी नाही. सांगेल ती जखमच.

ताईंनी रुग्णाच्या तळव्यावर हाडांच्या जागी लिपस्टिकच्या खुणा केल्या, पाय पुठ्ठ्यावर टेकवून उचलला, खुणा उमटल्या. त्यावरून पट्टीची जागा आखली.

आता तयार झालेल्या प्रत्येक चपलेत मी डोळे मिटून हात फिरवतो. आधी चार बोटं टाचेपासून पुढे, मग अंगठा कडेकडेने, मग पट्ट्याच्या आतून. शिवणीची गाठ, सोल्युशनचा वाळलेला थेंब, अस्तराची दुमड, सगळं बोटांना कळतं. माझी बोटं आरी धरून घट्टे पडलेली आहेत, त्यामुळे करंगळीने पुन्हा एकदा बघतो, तिची कातडी मऊ आहे. आजोबांनी तपासणीत डोळे मिटले होते, तेव्हापासून ही सवय लागली. त्यांच्या तळव्याला जे कळायला हवं होतं ते माझ्या हाताला कळायला हवं.

या फेरीला वेळ जातो. रोजच्या विक्रीच्या चपलांवरही आता हात फिरवतो, कुणी सांगितलेलं नसताना.

2 ऑगस्ट

पहिली खेप दिली. मावशींच्या जोडाचं वर्णन लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. वरचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं, तेल दिल्यावर तांबूस. वर वेणी, माझ्या बायकोने घातलेली. खाली मऊ अस्तर, म्हणजे वेणीची गाठ कातडीला लागत नाही. अंगठ्याच्या जागी रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना कान, म्हणजे बाजूच्या कातडी पाकळ्या, काढलेले, त्यामुळे लांबून कापशी प्रकारच्या कोल्हापुरीसारखी दिसते. मागच्या पट्ट्याला बक्कल नाही, वेल्क्रो. बोटं वाकलेल्या हातालाही एका ओढीत लागतो. एमसीआरची काळी कड दिसू नये म्हणून कातड्याची बारीक पट्टी सगळीकडून फिरवली.

मावशींनी चप्पल उलटीपालटी करून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "कितीला पडली?" मी सांगितलं. त्यांनी ओच्यातून त्यांच्या वाट्याचे पैसे काढून मोजून दिले.

ताईंचा नियम सगळ्यांना दोनदा सांगितला. पहिल्या दिवशी तासभरच घालायची. काढल्यावर तळवा आरशात बघायचा किंवा घरच्यांना दाखवायचा. लाल डाग दिसला आणि वीस मिनिटांत गेला नाही, तर चप्पल घालू नका, माझ्याकडे घेऊन या. घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. कुष्ठरोग होऊन गेलेल्यांनी रोज पाय पाण्यात भिजवून, घट्टे घासून, तेल लावायचं. मधुमेहींनी मात्र पाय भिजवत ठेवायचे नाहीत, धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या.

20 ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. हिरड्याचं कातडं भिजून फुगतं, वाळलं की कडक होतं. कोल्हापुरी पावसाळ्यात घालत नाहीत ते याचसाठी. पावसासाठी वेगळे पट्टे हवेत, रेक्झिनचे, अस्तर तेच. पुढच्या खेपेपासून पावसाळी जोड वेगळा. तीन जणांच्या पायावर चपलेच्या डाव्या कानाखाली लाल डाग दिसले; कान थोडे खाली उतरवले, अस्तर जाड केलं.

9 सप्टेंबर

मावशींच्या चवड्याखाली पुन्हा जखम उघडली. गणपतीत दिवसरात्र मंडईत होत्या, ओल्यात चप्पल काढून ठेवली होती, अनवाणीच उभ्या राहिल्या. मी गेलो तेव्हा ताई पायाला प्लास्टर घालत होत्या, भार सगळ्या तळव्यावर सारखा पसरवणारं. उघड्या जखमेवर चप्पल हा इलाज नव्हे, ताईंनी स्पष्ट सांगितलं. आधी जखम भरू द्यायची, मग चप्पल.

मावशींना विश्रांती सांगितली की त्या गप्प होतात. आज म्हणाल्या, "बसून खाल्लं की अंगाला लागत न्हाई बाबा. पोरं म्हनत्यात, आई तू बस. बसले की मी कोन?" बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते याच प्रश्नावर, असं मला वाटतं. कुष्ठरोगातून उठलेल्या माणसाला दोन घास देणारे पुष्कळ होते. त्याच्या हाताला कुदळ देणारं कुणी नव्हतं. तिथे त्याच हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणलं.

मावशींना काम सोडायला सांगू नका, असं मी ताईंना म्हटलं. मंडईत त्या जमिनीवर उकिडव्या बसतात, उठताना सगळा भार चवड्यावर येतो. उंच मोढा दिला तर? ताईंनी विचार केला आणि होकार दिला, प्लास्टर निघाल्यावर. शेजारच्या सुताराला माप दिलं : मोढा गुडघ्याएवढा उंच, पुढे पाय टेकायला उतरती फळी.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं धुवून मांडली : रापी, आरी, कानस, कातरी. या वर्षी पुठ्ठ्यांवरची मापंही शेजारी ठेवली. अण्णांनी हळदकुंकू वाहिलं आणि बराच वेळ एक एक पुठ्ठा बघत बसले. मग विचारलं, "ह्या पायाला बोटं न्हाईत, म्होरं काय भरलंस?" सांगितलं, मऊ रबराचा ठोकळा, पायाच्या आकाराचा कोरून. त्यांनी तो मागवून दाबून बघितला. म्हणाले, "कड अजून उतरव." उतरवली.

पुतण्या शेजारी बसून ऐकत होता. त्याला या धंद्यात यायचं नाही, आणि मी आग्रह करणार नाही. पण मापं घ्यायला तो दोनदा माझ्याबरोबर आला, आणि आता पुठ्ठे मोबाइलवर नीट नोंदवून ठेवतो.

11 ऑक्टोबर, शनिवार

पहिल्या खेपेतले जोड तपासणीला बोलावले होते. वापरलेली चप्पल हातात घेतली की माणसाचं चालणं वाचता येतं. रबर कुठे दबलं, तळ कुठल्या कडेला झिजला, पट्टा कुठे ताणला. एका काकांचं एमसीआर टाचेखाली इतकं दबलं आहे की चिमटीत दाबलं तर आता उठत नाही. वजन जास्त, दिवसभर उभं राहायचं काम. त्यांना थर बदलून दिला आणि पुढे बदलायची तारीख कार्डावर लिहिली. एक जोड अगदी नवा दिसला, म्हणजे घातलाच नव्हता. विचारल्यावर कळलं, घरात घालत नाहीत, बाहेर जायला मिळत नाही. बधिर पायाला घरातही चप्पल हवी. त्यांच्या सुनेला बोलावून समजावून सांगितलं आणि घरातल्यासाठी हलका जोड करायचं ठरलं.

कागलच्या आजोबांची टाच भरली आहे. त्यांच्या चपलेत बाहेरून काही नाही, पण आत हात फिरवल्यावर रबरात रुतलेला एक खडा सापडला. खडा रुतला, वर आला नाही, मऊ थराने आपलं काम केलं. तरी आजोबांच्या हाताने त्या जागेवर बोट ठेवायला लावलं, रोज बघायला सांगितलं. त्यांच्या बोटांना अजून कळतं.

मावशींचं प्लास्टर निघालं, जखम भरली. जुना जोड बघितला तर उजव्या तळाची बाहेरची कड जास्त झिजली आहे, पाय बाहेरच्या बाजूला कलतो. नव्या जोडाला बाहेरच्या कडेने 4 मिलिमीटरची पाचर, आडवी पट्टी आहे तिथेच, पट्टे रेक्झिनचे पण वेणी हवीच, असं त्या म्हणाल्या. मोढा मंडईत पोचला आहे. दुसऱ्या खेपेची मापं सोमवारी. शीट उद्याच आणून कोपरे तपासून ठेवायचे.